ईशान्येकडचा उतार

कमलाबाईंच्या घरात शिरायचं तर रस्त्यावरून खाली उतरावं लागे. प्लॉट पाडून ले-आउट झाला तेव्हा मैत्रेय नगरातली सगळीच घरं जमिनीला टेकून बांधलेली होती. पुढे ज्याच्या हातात चार पैसे आले त्याने मुरूम टाकून आपलं जोतं उचललं. नगरपरिषदेने डांबरावर सिमेंट घालून रस्ता उचलला. कमलाबाई राहिल्या जिथल्या तिथे. नवरा गेला, धाकटी रोशनी नवऱ्याला सोडून माहेरी आली, आणि घर उचलण्यापेक्षा मुलीला शिलाई मशीन घेऊन देणं त्यांना शहाणपणाचं वाटलं. पुढच्या खोलीत ते मशीन होतं आणि त्याच खोलीत भिंतीकडेला कमलाबाईंची बाज. गुडघे गेल्यापासून त्यांचा दिवस त्या बाजेवरच उगवायचा आणि मावळायचा.

इतकं खोलात असूनही त्या घरात पाणी म्हणून कधी शिरलं नव्हतं. घराच्या मागे, दक्षिणेला, महादेवरावांचं वावर होतं आणि वावरापलीकडे नाला. कितीही पाऊस झाला तरी अख्ख्या ले-आउटचं पाणी कमलाबाईंच्या भिंतीला घासून वावरात उतरे आणि तिथून नाल्याला लागे. कुणी नाली खोदली नव्हती की पाईप टाकला नव्हता. जमीनच तिकडे झुकलेली होती.

त्या वावरात आता मंगल कार्यालय होणार होतं. मोठा हॉल, पुढे लॉन, लॉनमध्ये कारंजं. त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते नकाशा पाहिल्यावर. महादेवराव दक्षिणेच्या अंगाला पुरुषभर मुरूम टाकून जमीन उचलणार होते आणि सगळा उतार ईशान्येकडे काढणार होते, कारण वास्तूचं तसं सांगणं होतं. आणि त्यांच्या प्लॉटच्या ईशान्येला, भिंतीला भिंत लावून, कमलाबाईंचं घर होतं. म्हणजे लॉनचं पाणी इकडून येणार आणि ले-आउटचं तिकडून, आणि नाल्याची वाट मात्र बंद. मध्ये बाज आणि मशीन.

रत्नदीपने नगरपरिषदेत हरकतीचा अर्ज केला. हा पतसंस्थेत नोकरीला असलेला पोरगा ले-आउटच्या सगळ्या कामांत पुढे. अर्जात त्याने डीजेचा आवाज, रस्त्यावरचं पार्किंग, फटाके आणि पाणी हे सगळं एकाच वाक्यात कोंबलं होतं. पुंडलिकरावांनी त्यातल्या वेलांट्या तेवढ्या सुधारल्या. बाकीचं सुनावणीत तोंडी सांगता येईल, असं ठरलं. कोण सांगणार, यावर चर्चा झालीच नाही. मास्तर सांगतील, असं रत्नदीप म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुंडलिकराव म्हणजे कमलाबाईंचे धाकटे दीर. शाळामास्तरकीतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगा पुण्याला. ले-आउटच्या चढावरच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची पुस्तकं राहत. माणूस इतका बुजरा की भाजीवालीने चुकून कमी पैसे परत दिले तर हा तसाच घरी यायचा. बोलायचं काही डोक्यात आलं की ते बरोबर आहे का, आपण कोण सांगणारे, असं मनात घोळवण्यातच वेळ निघून जायचा. फक्त एका जागी त्यांची जीभ सुटे. वर्षावासात विहारात संध्याकाळचं ग्रंथवाचन त्यांच्याकडे असे. वाचून झालं की पुस्तक मिटून ते चार शब्द बोलत. त्यातही त्यांचं दिशांवरचं भाषण लोकांना फार आवडायचं. दक्षिण अशुभ कुणी ठरवली, मेलेला माणूस कोणत्या दिशेला जातो हे कुणी पाहून आलं, ईशान्येला देव बसतो तर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूने पाहिलं की तो कुठे बसतो. कुठे लोक हसणार, कुठे बाया पदर तोंडाला लावणार, कुठे सगळे गंभीर होणार, हे त्यांना पाठ होतं. दर वर्षी कुणी तरी मागून म्हणायचंच, "मास्तर, ते दिशायचं सांगा न." आणि पुंडलिकरावांना तेवढा अर्धा तास आपण कामाचे आहोत असं वाटायचं.

सुनावणीला बोलायचं ठरल्यापासून त्यांची झोप उडाली. विहारात सगळी आपली माणसं. तिथे साहेब असणार, वकिलासारखी बोलणारी माणसं असणार. दोनदा ते रत्नदीपकडे नाही म्हणायला गेले आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आले.

अशात एका दुपारी महादेवराव स्वतः त्यांच्याकडे आले. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, बाहेर नवतप्याचं, म्हणजे ऐन मेअखेरचं ऊन. पुस्तकांचा ढीग सरकवून पुंडलिकरावांनी त्यांना खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. महादेवरावांनी अख्खा तांब्या संपवला.

"अर्ज देल्ला म्हन्ते तुमी लोकायनं," मग ते म्हणाले.

पुंडलिकराव चाचरले. द्यावा लागला, वहिनींचं घर आहे तिथे, असं काहीसं ते पुटपुटले.

"देल्ला तं बरंच केलं, मास्तर. मले का समजत नाई का पानी कोनीकडं जाते? जनम गेला माह्या त्या वावरात." त्यांनी दुपट्ट्याने मान पुसली. "पन घरात आयकत नाईत."

आणि मग, एरवी कापसाच्या भावापलीकडे न बोलणारा तो माणूस बराच वेळ बोलत राहिला. त्यांचा मुलगा कैलास मोटरसायकलवरून ट्रकखाली आला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. वाचला, पण काठीशिवाय चालता येत नव्हतं. त्यानंतर आनंदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, नागपूरहून एक वास्तूवाला आणवला. तुमची जमीन दक्षिणेला घसरते, घरातला कर्ता पोरगाही तसाच घसरणार, असं तो सांगून गेला. तेव्हापासून ती बाई धड झोपलेली नव्हती. पोराच्या पायथ्याशी बसून राहायची. त्याने कूस बदलली तरी दचकायची. दक्षिण उचलली म्हणजे पोरगा उभा राहील, एवढं एकच तिने धरून ठेवलं होतं.

"तिले मी कसा सांगू का हे सारं खोटं आहे? मले तरी कुठं खात्रीनं माहीत आहे?" महादेवराव म्हणाले. "पन एक होते. साहेबानं कागदावर लिहून देल्लं, का कंपाउंडच्या काठानं नाल्यापर्यंत पाईप टाकाच, तं मंग ते माह्या हातात नाई राह्यलं. सरकारी हुकूम. तिचंबी मन राह्यते अन् तुमच्या वहिनीचं घरबी. तुमी फक्त उताराचं सांगजा. मी विरोधात बोलत नाई."

जाताना उंबऱ्यात थांबून ते म्हणाले, "घरातलं बोललो तुमच्यापाशी. आपल्या दोघायतच राहू द्या."

पुंडलिकरावांना त्या रात्री झोप लागली. काम इतकं सोपं असेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. कुणाला हरवायचं नव्हतं. समोरच्याने आपण होऊन वाट करून ठेवली होती, तिच्यावरून फक्त चालायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ते कमलाबाईंकडे गेले. महादेवरावांचं नाव न घेता एवढंच सांगितलं की काम होईलसं दिसतं. कमलाबाईंनी बाजेवरून त्यांच्याकडे नीट पाहिलं. दिराला त्या तो गल्लीत गोट्या खेळायचा तेव्हापासून ओळखत होत्या.

"मंग जास्त बोलू नोका भाऊजी," त्या म्हणाल्या. "पानी तिकडं जाते, पाईप टाकाले लावा. झालं. तुमच्यात शेपूट लांबवाची सवय आहे."

रोशनी मशीनवर वाकून हसली. हॉल झाला तर तिचाच फायदा होता. नवरीचे, करवल्यांचे ब्लाऊज लोक दारात आणून टाकतील. "मले हॉलशी भांडन नाई काका," ती म्हणाली. "डीजे वाजवा, बँड वाजवा. मशीन कोरडी राह्यली पाह्यजे फक्त."

सुनावणीच्या दिवशी पुंडलिकरावांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि जाताना मुद्दामच खिशात कागद ठेवला नाही. दोन वाक्यांसाठी कागद कशाला, असं त्यांना वाटलं.

नगरपरिषदेच्या सभागृहात तीन कूलर घोंघावत होते. समोर मुख्याधिकारी, त्यांच्या शेजारी बांधकाम विभागाच्या इंजिनिअर सुरभी मॅडम. वयाने लहान, केस मागे घट्ट बांधलेले, पुढ्यात नकाशा उघडा. एका बाजूला महादेवराव, त्यांचे दोन भाऊ आणि काठी गुडघ्यांत धरून बसलेला कैलास. दुसऱ्या बाजूला मैत्रेय नगरची माणसं. रत्नदीपने मोबाईल काढून आधीच समोर धरला होता.

महादेवरावांचा आर्किटेक्ट रुपेश वर्ध्याहून आला होता. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली. हिरवंगार लॉन, कडेने पाम, रात्री दिव्यांनी उजळलेलं कारंजं, झाडांभोवती गोल कट्टे. चित्रातली माणसं गोरीपान होती आणि एकाच्याही अंगावर घाम नव्हता. मुख्याधिकारी म्हणाले, छान, आपल्या गावात असं काही नाही. सुरभी मॅडमनी मात्र झाडांबद्दल विचारलं. पामऐवजी कडूनिंब आणि करंज का नाही, आणि या लॉनला उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार? रुपेशने ते लिहून घेतलं. मग त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. आज जमिनीचा उतार दक्षिणेला नाल्याकडे दिसतो आहे, मग पाणी ईशान्येला कसं काढलं?

"भरण करतोय मॅडम," रुपेश म्हणाला. "क्लायंटची तशी श्रद्धा आहे. वास्तूप्रमाणे ईशान्य—"

"ईशान्येला कुणाचं घर आहे ना? हरकत त्यांचीच आहे?" मॅडमनी अर्ज उलटून पाहिला. अर्जात डीजे होता, फटाके होते. "कोण बोलणार आहे? बोला सर."

पुंडलिकराव उभे राहिले. बोलायला लागले, पण कूलरच्या आवाजात त्यांचं त्यांनाच ऐकू येईना. मुख्याधिकाऱ्यांनी कानाला हात लावला. शिपायाने उठून एकामागून एक तिन्ही कूलर बंद केले.

अशी शांतता त्यांच्या वाट्याला कधी आली नव्हती. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. महादेवराव मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून वाट पाहत होते, आणि ती वाट पाहणंच पुंडलिकरावांना एकाएकी भारी झालं. पाणी तिकडे जातं. हे एवढंसं वाक्य इतक्या मोठ्या हॉलमध्ये कसं उभं राहील? याला कोण विचारणार? त्यांनी "उतार" एवढा शब्द उच्चारला आणि पुढचं काही सापडेना.

मागून रत्नदीप हळूच म्हणाला, "मास्तर, दिशायचं सांगा."

आणि जीभ सुटली. ईशान्येला देव बसतो असं हे म्हणतात, पुंडलिकराव म्हणाले, तर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूने पाहिलं की तो कुठे बसतो? मैत्रेय नगरची माणसं हसली. तो हसण्याचा आवाज ओळखीचा होता. त्याचा हात धरून ते पुढे गेले. दक्षिण अशुभ कुणी ठरवली. भित्र्या माणसांच्या भीतीवर पोट भरणारे कोण. आवाज चढला, हात हलू लागले, वाक्यं आपापल्या जागी येऊन बसू लागली. विहारात ते या ठिकाणी नेहमी एक उदाहरण देत, दर वेळी वेगळं. उदाहरणाची जागा आली आणि तोंडाला जे पहिलं आलं ते बाहेर पडलं.

"घरातल्या पोराला अपघात झाला म्हणून कुणी जमीन उलटी फिरवत नाही! ट्रक दक्षिणेतून आला होता का उत्तरेतून, हे कुणी वास्तूवाल्याला विचारलं का?"

मागे कुणी तरी टाळी वाजवली. एकच टाळी. पुंडलिकरावांचं लक्ष समोर गेलं. कैलास त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो आपल्या काठीकडे पाहत होता. महादेवरावांनी मान वर केली होती आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की भर रस्त्यात कुणी त्यांच्या अंगावरचं धोतर ओढलं असावं.

मग हॉलमध्ये गोंधळ उठला. महादेवरावांचे भाऊ उभे राहून बोलू लागले की आमच्या देवाधर्मावर बोलायला बसलो नाही इथे. मैत्रेय नगरचेही दोघे-तिघे उठले. मुख्याधिकाऱ्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं की हे धार्मिक विषयांचं व्यासपीठ नाही, भावना दुखावतील असं काही इथे चालणार नाही. भांडण संपलं असं समजून शिपायाने कूलर पुन्हा सुरू केले.

सुरभी मॅडम तेवढ्या शांत होत्या. टेबलावर पुढे वाकून त्यांनी विचारलं, "सर, पाण्याचं काय? तुम्हाला तिथे पाईप हवा आहे का?"

"हो," पुंडलिकराव म्हणाले. कूलरच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा म्हणायला हवं होतं. त्यांच्या मनातही आलं की पुन्हा म्हणावं. पण आता आपण आणखी काही बोललो तर ते आणखी वाईटच होईल, असं वाटून ते खाली बसले.

मॅडमनी महादेवरावांना विचारलं, नाल्यापर्यंत पाईप टाकायची तुमची तयारी आहे का? महादेवरावांनी दोन्ही भावांकडे पाहिलं. मग पोराकडे.

"नकाशात आहे तसंच करतो," ते म्हणाले.

पामच्या जागी कडूनिंब लावायचे, या अटीवर नकाशा मंजूर झाला.

बाहेर व्हरांड्यात पुंडलिकरावांनी महादेवरावांना गाठलं. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. ते नुसते समोर जाऊन उभे राहिले. भाऊ पुढे गेले होते. कैलास एकेक पायरी काठी टेकत उतरत होता.

"मी तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यलो होतो, मास्तर," महादेवराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं आणखी कठीण. "एक शब्द पाह्यजे होता मले. एक. तुमी माह्या घरचं काढलं."

चूक झाली, असं पुंडलिकराव म्हणाले. अजूनही वेळ गेलेली नाही, पाईप तेवढा टाका, मी हात जोडतो.

"आता टाकला तं घरात काय सांगू? हुकूम तं आला नाई. मास्तरनं चार लोकायत थुतरी फोडली म्हनून टाकला, असं सांगू?" त्यांनी दुपट्टा झटकला आणि पोराला हात द्यायला ते पायऱ्या उतरून गेले.

संध्याकाळपर्यंत रत्नदीपचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर पोचला होता. पुंडलिकराव गल्लीतून चालले की लोक थांबवून जय भीम करत. काय धुतलं मास्तर, म्हणत. असं तोंडावर बोलणारा आपल्यात माणूसच नव्हता, म्हणत. विहाराच्या अध्यक्षांनी तर घरी येऊन शाल देण्याची गोष्ट काढली. रत्नदीपचा चेहरा अभिमानाने फुललेला होता. पुंडलिकराव प्रत्येकाला हात जोडत होते. नकाशा मंजूर झाल्याचं प्रत्येकाला माहीत होतं, पण ती गोष्ट कुणी काढत नव्हतं. सरकार काय, पैशाचंच असतं, एवढ्यावर ते मिटलं होतं.

कमलाबाईंकडे जायला त्यांना अंधार पडला. रोशनी मशीनवर होती. तिने सुई थांबवली नाही. कमलाबाईंनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी द्यायला लावलं, जेवले का विचारलं. मग म्हणाल्या, "पान्याचं काय झालं?"

दिवसभरात हे विचारणाऱ्या त्या एकट्याच. पुंडलिकरावांनी नकाराची मान हलवली.

पुढचे दिवस ते धावले. इतकं ते आयुष्यात कधी धावले नव्हते. सुरभी मॅडमकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, कागद काढून दाखवले. सुनावणीच्या नोंदीत हरकतदारांनी वास्तुशास्त्रावर आक्षेप घेतला, असं लिहिलं होतं. पाण्याचा शब्द कुठेच नव्हता. तुम्ही एकदा म्हणाला असतात तर मी अट म्हणून टाकलं असतं, मॅडम म्हणाल्या. आता अपील करा, वर पाठवा, पण पावसाळ्याच्या आत काही होईल असं वाटत नाही. त्या हे सांगताना खरोखर वाईट वाटून घेत होत्या आणि पुंडलिकरावांना त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

मग एक दिवस धीर करून ते महादेवरावांच्या घरी गेले. महादेवराव नव्हते. आनंदाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी सुपडं बाजूला ठेवून आतून पाणी आणून दिलं. व्हिडिओ त्यांनी पाहिला होता, हे त्यांच्या पदर सावरण्यावरूनच कळत होतं. पुंडलिकरावांनी माफी मागितली. मला तसं म्हणायचं नव्हतं, बोलण्याच्या भरात गेलं, पोराबद्दल माझ्या मनात काही नाही, असं ते तीन-तीनदा सांगत राहिले. आनंदाबाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं,

"तुमचा पोट्टा पुन्याले आहे न, मास्तर?"

"हो."

"सुखरूप आहे न?"

"हो."

"मंग राहू द्या," त्या म्हणाल्या आणि सुपडं पुन्हा मांडीवर घेतलं.

पाईपचा विषय पुंडलिकरावांच्या ओठांवर होता. तो तसाच घेऊन ते उठले.

मुरमाचे टिप्पर सुरू झाले. एकामागून एक टिप्पर येई, मागचा डाला उचले, पिवळी धूळ उठे आणि कमलाबाईंच्या मागच्या खिडकीतून दिसणारं वावर वीतभर वर सरके. नाला दिसेनासा झाला. मग पलीकडची झाडं कमरेपासून वर दिसू लागली. शेवटी खिडकीत नुसती मुरमाची भिंत राहिली. खोलीत दुपारीही दिवा लावावा लागू लागला, कारण रोशनीला काळ्या कापडावरची काळी शिवण दिसेना.

गवंडी आणून पुंडलिकरावांनी कमलाबाईंच्या दारात आडभिंत घालून घेतली, मांडीइतकी उंच, वर सिमेंटचा गिलावा. गल्लीतल्या आणखी दोन घरांनी तशीच घातली होती. पाणी आत येणार नाही, असं गवंडी म्हणाला. ते खरं होतं. पण कमलाबाईंनाही आता बाहेर जाता येणार नव्हतं. पहिल्या दिवशी पुंडलिकराव आणि रोशनी या दोघांनी धरून त्यांना ती भिंत ओलांडायला लावली. एक पाय पलीकडे गेला आणि दुसरा उचलेना. भिंतीवर बसकण मारून त्या हसू लागल्या. "पाहा भाऊजी, घोड्यावर बसली तुमची वहिनी." त्यानंतर त्या बाहेर पडल्याच नाहीत. विहारात वाचन सुरू झालं, पण अंगाला बरं नाही असं सांगून पुंडलिकराव गेले नाहीत. लोकांना वाटलं, मोठ्या माणसाचा भाव वाढला.

आषाढाच्या अखेरीस एका दुपारी झड लागली आणि ती दोन दिवस हटली नाही. आडभिंतीने आपलं काम केलं. बाहेर गल्लीत गुडघाभर पाणी साचलं, ते भिंतीच्या गिलाव्याला लागून उभं राहिलं, आत आलं नाही. पाणी आलं ते खालून. काळी जमीन फुगली. फरशीच्या सांध्यांतून आधी ओल आली, मग बारीक बुडबुडे, आणि मग कोपऱ्यातली फरशी अशी हलकेच उचलली गेली की जणू खाली कुणी तरी कूस बदलली असावी. आता आडभिंत पाणी बाहेर जाऊ देईना. रोशनी बादलीने भिंतीपलीकडे पाणी फेकत होती आणि ते पाणी जिथे पडत होतं तिथेही पाणीच होतं.

पुंडलिकराव चढावरून छत्री घेऊन आले. त्यांच्या घरात थेंबही नव्हता. त्यांनी आणि रत्नदीपने मशीन उचलून चढावरच्या घरी नेलं, पुस्तकं सरकवून खिडकीपाशी ठेवलं. लोकांची कापडं रोशनीने प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून डोक्यावरून नेली. दोन खेपांनंतर रत्नदीप ओट्यावर बसून नुसताच रस्त्याकडे पाहत राहिला.

कमलाबाईंना वडनेरला मोठ्या मुलीकडे पाठवायचं ठरलं. माझ्याकडे राहा, असं पुंडलिकरावांनी दोनदा म्हटलं. दोन खोल्यांत तुमी, रोशनी, मशीन अन् पुस्तकं, त्यात माह्यी बाज कुठं लावता, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. ऑटो वरच्या रस्त्यावर उभा राहिला. कमलाबाईंना खुर्चीवर बसवून चौघांनी आडभिंतीवरून उचललं आणि पाण्यातून वर नेलं. त्यांच्या मांडीवर कपड्यांचं गाठोडं आणि भिंतीवरून काढलेले दोन फोटो होते, पदरात गुंडाळलेले.

ऑटोत बसल्यावर त्यांनी पुंडलिकरावांना जवळ बोलावलं. पुंडलिकराव छत्री धरून वाकले. त्या संध्याकाळनंतर सुनावणीबद्दल त्या एकदाही बोलल्या नव्हत्या. आता बोलतील, असं त्यांना वाटलं. बोलाव्यात, असंही वाटलं.

"रोशनीच्या मोबाईलात पाह्यलं मी, भाऊजी," कमलाबाई म्हणाल्या. "तुमचं भाषन. चांगलं बोलले तुमी. खरंच होतं सारं."

त्यांनी दिराच्या ओल्या बाहीवरून हात फिरवला आणि ऑटोवाल्याला निघायला सांगितलं.

पुंडलिकराव परत खाली आले. घराला कुलूप लावायचं राहिलं होतं. आडभिंतीमुळे दार आता पुरतं लागत नव्हतं. कडी कोयंड्यापर्यंत पोचत नव्हती. पोटरीभर पाण्यात उभं राहून त्यांनी बराच वेळ ते ओढून पाहिलं. घराच्या मागे, मुरमाच्या भरणावर, मजूर भर पावसात लॉनच्या कडेने कडूनिंबाची रोपं लावत होते. त्यांच्या खड्ड्यांतलं गढूळ पाणी मुरमावरून उतरत होतं आणि कमलाबाईंच्या मागच्या खिडकीतून आत येत होतं.

शेवटी त्यांनी दार तसंच लोटून ठेवलं आणि कुलूप खिशात घातलं.